पुणे–वाई–कोल्हापूर–राजापूर–गुहागर–पुणे, एकट्याने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकाच वर्तुळाबद्दल आहे. पुण्याहून निघून देशावरून कोल्हापूर, अणुस्कुरा घाटाने खाली कोकणात, मग किनाऱ्याने वर श्रीवर्धन आणि ताम्हिणीने परत. वाटेत महाबळेश्वरचे पॉइंट किंवा गणपतीपुळ्याची रांग नाही. आहेत त्या चुकून दिसाव्यात अशा गोष्टी: देवळात टांगलेली चर्चची घंटा, महाल पोटात असलेली विहीर, नंदी नसलेलं शिवमंदिर, होकायंत्राला चकवणारा कातळ. आणि त्यांच्या आसपास जे शिजतं ते.

एकूण किती किलोमीटर आणि किती दिवस?

फाटे धरून १००० ते ११०० किलोमीटर, आठ दिवस. हे ऐकून बहुतेक जण म्हणतात की रोजचे सव्वाशे-दीडशे म्हणजे फारच कमी. पुणे–बंगळूर महामार्गावर कमीच आहेत. पण हेदवी ते गुहागर हे पंचवीसेक किलोमीटर वळणं, उतार, गुरं आणि समोरून येणारी एसटी धरून पाऊण तास सहज खातात. किनाऱ्यावर ताशी ३० चा सरासरी वेग धरा, घाटात २५. त्याहून जास्त धरला की पहिलं जेवण चुकतं, मग फेरीबोट चुकते आणि शेवटी अंधारात गाडी चालवावी लागते. एकट्याच्या प्रवासातले बहुतेक घोटाळे याच क्रमाने होतात.

ढोबळ आखणी अशी: पहिला मुक्काम सातारा, दुसरा आणि तिसरा कोल्हापूर, चौथा राजापूर, पाचवा रत्नागिरी, सहावा गुहागर, सातवा दापोली किंवा केळशी. आठव्या दिवशी वेसवी–बागमांडला फेरीने पलीकडे, मग श्रीवर्धन, माणगाव, ताम्हिणी, पुणे. हा शेवटचा टप्पा सगळ्यात लांब, दोनशे किलोमीटरच्या वर, म्हणून त्या दिवशी पहाटे निघायचं.

दिवसाला एक मोठं ठिकाण, एक छोटं आणि एक ठरवून केलेलं जेवण, एवढंच ठेवा. चौथी गोष्ट वाटेत आपोआप सापडते. ती आखणीत लिहिली की नेमकी सापडत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात अणुस्कुरा आणि ताम्हिणीत दरडी येतात, फेऱ्या हवामान पाहून बंद होतात, खिद्रापूरच्या रस्त्यावर कृष्णेच्या पुराचं पाणी येतं. ऑक्टोबरमध्ये सगळं हिरवं आणि सुंदर असतं, पण सड्यावरचं, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळपठारावरचं, गवत कमरेला लागतं आणि कातळशिल्पं (कातळात कोरलेल्या आकृत्या) त्याखाली झाकलेली असतात. एप्रिल-मेमध्ये आंबा-फणस मिळतो, मात्र सकाळी दहानंतर सडा तव्यासारखा तापतो.

बाइक की कार?

दोन्ही चालतं. ११० ते १५० सीसीची साधी बाइक या रस्त्यांना सगळ्यात सोयीची: कुठल्याही वाडीत शिरते, कुठेही वळवता येते, राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नाही, आणि बिघडली तर तालुक्याच्या गावात तिचे पार्ट मिळतात. मोठ्या परदेशी बाइकचं उलट आहे, तिचा क्लच लिव्हर राजापुरात मिळणार नाही. कारला फेरीचं भाडं जास्त आणि वाडीच्या रस्त्यावर वळायला जागा कमी. पण ऊन, पाऊस, सामान आणि अडीनडीला झोपायची जागा याची काळजी मिटते.

मुंबईहून येणाऱ्या दुचाकीस्वारांनी लक्षात ठेवा: द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुना महामार्ग धरावा लागतो.

निघण्यापूर्वी बाइकचं काय काय बघायचं?

टायर: स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा, रबरात घुसलेले खडे आणि खिळे शोधा. हवेचा आकडा चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. सामान असेल तर मागच्या टायरला "मागे बसणाऱ्यासह" हा आकडा धरा. हवा थंड टायरमध्ये भरा, वीस किलोमीटर पळवून पंपावर तपासली तर आकडा फसवा येतो.

चेन: साधारण ५०० किलोमीटरला एकदा साफ करून तेल. म्हणजे या फेरीत किमान एकदा, कोल्हापुरात. किनाऱ्याच्या वाळूवर ग्रीस कामाचं नाही, वाळू त्याला चिकटून चेनच घासते. चेन-ल्यूब मारून दहा मिनिटं थांबा आणि जादा फडक्याने पुसून घ्या.

ब्रेक: पॅड किंवा लायनर अर्ध्याहून कमी उरले असतील तर निघण्यापूर्वीच बदला. घाटात ते दुप्पट वेगाने झिजतात.

सोबत: क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, एक स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, दोन फ्यूज, मास्किंग टेप, केबल टाय, टॉर्च. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून बांधून नेली तर तुटल्यावर दहा मिनिटांचं काम. पिशवीच्या तळाशी ठेवली तर सगळं सामान उपसावं लागतं.

पंक्चर झालं आणि आसपास कोणीच नसेल तर?

ट्यूबलेस टायर असेल तर किटमध्ये रीमर (भोक साफ करायची खडबडीत सळई), स्ट्रिप लावायची सुई, स्ट्रिप (भोकात भरायची चिकट रबरी पट्टी), गोंद आणि ब्लेड असतं. शिवाय पायाचा किंवा बॅटरीवर चालणारा पंप लागतो.

खिळा काढताना तो कोणत्या कोनात गेलाय ते आधी बघा, कारण रीमर त्याच कोनात घालायचा. रीमर आठ-दहा वेळा आत-बाहेर फिरवा. इथे लोक घाई करतात, भोक पुरेसं साफ होत नाही आणि स्ट्रिप आत जाताना तुटते. स्ट्रिप सुईच्या नाकात अर्ध्यावर ओवा, गोंद लावा, जोर देऊन दाबा. दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर राहिली की थांबायचं. मग सुई न फिरवता एका झटक्यात सरळ बाहेर ओढायची. हळू ओढली तर स्ट्रिपही बाहेर येते, जास्त दाबली तर सगळी टायरच्या पोटात जाते. उरलेलं टोक ३-४ मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, थुंकी किंवा पाणी लावून बुडबुडे बघा. टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलला, चीर असेल तर यातलं काहीच करू नका. ती स्ट्रिपने टिकत नाही.

ट्यूबचा टायर असेल तर नवी ट्यूब सोबत ठेवा. पंक्चरवाला चाक उघडून देईल, पण तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

वाई-साताऱ्याजवळ नेमकं काय बघायचं?

सुरूर फाट्याने वाईला या. ढोल्या गणपतीचा घाट सगळेच बघतात, तुम्ही पुढे तीन किलोमीटरवर मेणवलीला जा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर पायऱ्यांचा घाट आहे आणि तिथल्या देवळापाशी एक अवजड घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या लुटीतली ही चर्चची घंटा. अंगावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. ते शोधायला घंटेच्या भोवती फिरावं लागतं, आणि सकाळचं तिरपं ऊन असेल तर उठाव स्पष्ट दिसतो.

तिथून धोम. धरणाकडे धावू नका. गावातल्या देवळात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसवलेला आहे आणि हे सगळं कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. कोरडं असेल तर ही गंमत अर्धी होते.

वाईहून पाचवडला महामार्गावर या आणि साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्याला वळा. बारा मोटेची विहीर शेतात आहे. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात आमराईसाठी ती बांधून घेतली. सुमारे ५० फूट व्यासाची, ११० फूट खोल, वरून पाहिली तर शिवलिंगाच्या आकाराची. एकावेळी बारा मोटा (बैलांनी पाणी उपसायच्या चामडी पिशव्या) चालत म्हणून हे नाव. पायऱ्या उतरून गेलं की मधल्या भागात छोटा महालच आहे, वर बसायची जागा आणि मोटांचं पाणी पडायची दगडी थारोळी. काठाला सगळीकडे कठडा नाही. एकट्याने सेल्फीसाठी मागे सरकण्याची ही जागा नव्हे.

हातात जास्तीचा दिवस असेल तर वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीपलीकडे भिलार. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, लॉजमध्ये, देवळात विषयवार कपाटं मांडलेली असतात. आत जाऊन बसायचं आणि वाचायचं. घर वापरातलं असतं, दुपारी जेवणाच्या वेळी दार लोटलेलं दिसलं तर पुढच्या घरी जा.

साताऱ्यातून काय बांधून घ्यायचं?

कंदी पेढे. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो म्हणून ते थंडीत चार-पाच दिवस सहज टिकतात आणि बॅगेत चेपले तरी बिघडत नाहीत. पांढरे मऊ पेढे घेतले तर त्याच दिवशी संपवा.

कोल्हापुरात दोन मुक्काम कशाला?

खाण्यासाठी एक, खिद्रापूरसाठी एक.

मिसळ सकाळी. नावाजलेल्या ठिकाणी अकराच्या पुढे कट संपतो किंवा पातळ होतो. इथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात आणि रश्श्याला "कट" म्हणतात, तो पुन्हा मागता येतो. तिखटाची सवय नसेल तर कट बाजूला मागा आणि स्वतः घालून घ्या. "कमी तिखट द्या" म्हणून उपयोग नाही, पातेलं एकच असतं.

संध्याकाळी गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला दूधकट्टा. म्हशी तिथेच उभ्या असतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात. स्वतःचं पोट ओळखून प्या. हे कच्चं दूध आहे, आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा असेल तर ती जोखीम आदल्या संध्याकाळी घेऊ नये.

रात्री मटण ताट. एकट्या माणसासाठी यासारखी सोय नाही: भाकरी, सुकं, तांबडा, पांढरा, भात आणि कांदा-लिंबू, सगळं एका ताटात. तांबडा-पांढरा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात. तिखट झेपत नसेल तर "अळणी आहे का" विचारा, मटणाचं बिनमसाल्याचं पाणी असतं. वार मात्र बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे बरेच असतात, त्या दिवशी काही खानावळी बंद, काहींत आदल्या दिवशीचं. बुधवार, शुक्रवार, रविवारी ताजं मिळण्याची शक्यता जास्त.

खिद्रापूरला इतकं काय आहे?

कोपेश्वर मंदिर, शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकात आकाराला आलेलं. कोल्हापूरपासून साधारण ६० किलोमीटर, नृसिंहवाडी आणि कुरुंदवाडवरून. समोरच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि छताला मधोमध गोल उघडी जागा. तिच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा. दुपारी बाराच्या सुमाराला उन्हाचं वर्तुळ जमिनीवर उतरतं, म्हणून सगळे सकाळी येत असले तरी तुम्ही साडेअकराला पोहोचा. बाहेरच्या पायथ्याला हत्तींचा थर आहे, प्रत्येक हत्तीवर वेगळा स्वार.

शिवमंदिर असून नंदी नाही. कथा अशी की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली. तो नंदी कृष्णेपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. सती गेल्यावर कोपलेला तो कोपेश्वर आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघेही आहेत.

परतताना नृसिंहवाडीत बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी दोन-तीन दिवस चालते, बासुंदी तिथेच संपवायची. याच भागात कृष्णाकाठची वांगी मिळतात. खानावळीत त्यांचं भरीत किंवा भरली वांगी असतील तर बाकीचं काही मागवू नका.

अणुस्कुराच का? आंबा घाट रुंद आहे की.

आहे, आणि रात्र होत आली असेल किंवा कार मोठी असेल तर आंबाच घ्या. पण तो थेट रत्नागिरीला उतरवतो आणि राजापूर मागे राहतं. बाजारभोगाव–अणुस्कुरा–पाचल–ओणी हा रस्ता अरुंद, शांत आणि राजापुराच्या दारात सोडणारा आहे. दुपारी तीनच्या आत घाट उतरून झाला पाहिजे.

उताराचा नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. न्यूट्रल टाकू किंवा इंजिन बंद करू नका, ब्रेक तापतात. कारमध्ये इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही जाते आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं. ब्रेकचा जळका वास आला तर रुंद जागी थांबून वीस मिनिटं गार होऊ द्या. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. एसटीला वळणावर पूर्ण रस्ता लागतो, हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडेच थांबा.

कातळशिल्पं कशी शोधायची?

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या सड्यांवर माणसं, हत्ती, वाघ, मासे आणि न उलगडलेल्या चौकटी कोरलेल्या आहेत. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. या वाटेवर दोन-तीनच घ्या. पाचवं बघताना डोळा थकलेला असतो आणि पहिलंही नीट आठवत नाही.

आमची निवड देवाचे गोठणे आणि कशेळी.

देवाच्या गोठण्याला सड्यावर एक मनुष्याकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्राची सुई चुकीची दिशा दाखवते. नीट पडताळायचं असेल तर साधं सुईचं होकायंत्र न्या. फोन वापरणार असाल तर आधी त्याचं चुंबकवालं कव्हर काढा, आठच्या आकारात फिरवून कंपास जुळवून घ्या, आकृतीपासून पन्नास पावलांवर उत्तर बघा आणि मग आकृतीजवळ. किल्ल्या, हेल्मेट, लोखंडी स्टँड लांब ठेवा. हे न करता "काही फरक पडत नाही" म्हणणारे बरेच भेटतात.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. आधी बाहेरून एक फेरी मारा, सोंड सापडली की बाकीचं जुळत जातं. गावातलं कनकादित्याचं देऊळ हे सूर्यमंदिर आहे, तेही बघा.

वेळ सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. डोक्यावर ऊन असलं की कोरीव रेघांना सावलीच उरत नाही. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू, रंग किंवा पाणी घालू नका. रेघांवर चालू नका. सड्यावर फुरसं (छोटा विषारी साप) असतं: बूट घाला, सैल चिरे उचलू नका, भेगेत हात घालू नका. चावलंच तर बांधणं, कापणं काही नको. हात किंवा पाय न हलवता थेट जवळचं ग्रामीण रुग्णालय, गाडी दुसऱ्या कोणालातरी चालवायला सांगून.

आणि सडा म्हणजे मोकळी जागा नव्हे, तो कोणाचा तरी असतो. पहिल्या घरी विचारून पुढे जा.

नकाशा दाखवतो ती वाट संपते किंवा पायऱ्या लागतात. असं का?

कारण ती पाखाडी असते. वाडीतून वाडीत उतरणारी चिऱ्यांची पायवाट नकाशात कधीकधी रस्ता म्हणून दिसते. डांबर संपून दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं) जवळ येऊ लागले की पुढे जाऊ नका, बाइकसुद्धा वळवता येत नाही.

कोकणात गाव म्हणजे चार-पाच किलोमीटरमध्ये विखुरलेल्या वाड्या. नुसतं गावाचं नाव विचारून भागत नाही, वाडी किंवा जवळचं देऊळ, शाळा विचारा. "जवळच आहे" याचा अर्थ चालत जवळ. "गाडी कुठपर्यंत जाते?" हा प्रश्न जास्त कामाचा. आदल्या रात्री ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा, सड्याखालच्या खोलगट वाड्यांत नेटवर्क नसतं.

राजापूरची गंगा बघायला मिळेल का?

नेम नाही. ही गंगा म्हणजे अधूनमधून वाहणारा झरा. उन्हाळे गावाजवळच्या चौदा कुंडांत ती साधारण तीन वर्षांनी प्रकटते असं म्हणतात, पण ती कधी लवकर येते, कधी उशिरा. राजापुरात चहा पिताना विचारा, आली असेल तर कोणीही सांगेल. आली नसली तरी जवळचा गरम पाण्याचा झरा असतोच.

फेरीबोटींचं गणित कसं?

या वाटेवर तीन खाड्या: जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला. दाभोळची फेरी २००३ मध्ये सुरू झाली, तिच्यामुळे चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा, थांबणं त्याहून जास्त. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून सकाळीच फोन करा आणि शेवटच्या फेरीवर कधीही विसंबू नका.

बाइकवाले पडतात ते बोटीवर नाही, धक्क्याच्या उतारावर. तिथे शेवाळ, वाळू आणि डिझेल असतं. पहिला गिअर, पाय खाली, पुढचा ब्रेक अजिबात नाही. बोटीवर गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर लावा आणि शेजारी उभे राहा. कार असेल तर हँडब्रेक आणि गिअर दोन्ही.

दाभोळला उतरून लगेच पळू नका. धक्क्याजवळ विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातली मशीद आहे आणि गावाबाहेर चंडिकेचं गुहेतलं देऊळ. आत विजेचा दिवा नाही, समईच्या उजेडात वाकून जायचं. मोबाइलचा टॉर्च लावू नका. डोळे सरावायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या.

हेदवीची बामणघळ कधी उसळते?

भरतीला, लाटेचं पाणी खडकातल्या भेगेत शिरून वर उडतं तेव्हा. ओहोटीला गेलात तर खडकातली एक अरुंद भेग बघून परत याल, आणि "काहीच नाही" असं सांगणारे सगळे ओहोटीला गेलेले असतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला १५ धरून सव्वाअकरा, आणि तेव्हा भरती सगळ्यात मोठी. अर्धा तास आधी पोहोचा. ओल्या काळ्या खडकावर उभं राहायचं नाही. कोरडा खडक म्हणजे तिथवर पाणी अजून आलेलं नाही एवढंच, पुढची लाट येणार नाही असं नाही.

वाळूत गाडी घालायचीही हीच वेळ नव्हे. खरं तर कुठलीच नव्हे. चाक रुततं, भरती चढते, आणि बैलजोडी किंवा ट्रॅक्टर मिळेपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.

कोकणात एकट्याने जेवायचं कुठे?

"घरगुती जेवणाची सोय" अशी पाटी दिसली की फोन नंबर टिपून ठेवा. अशा घरी माणसं मोजून भात लावतात. साडेबाराला अचानक दारात उभं राहिलात तर नाही म्हणतात, सकाळी नऊला फोन केलात तर एकट्यासाठीही करतात. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगा. नाश्त्याला घावन-चटणी किंवा आंबोळी हवी असेल तर रात्रीच, आंबोळीचं पीठ आंबवावं लागतं. बाजार दुपारी एक ते चार झोपलेला असतो, पाणी, बिस्किटं, औषध त्याआधी घ्या.

मासे खाणाऱ्यांनी "सुरमई आहे का" न विचारता "आज काय आलंय" असं विचारावं. सुरमई-पापलेट बर्फातलं वर्षभर मिळतं. बांगडा, मांदेली, सौंदाळे त्या दिवशीचे असण्याची शक्यता जास्त आणि पैसेही कमी. ताटाचा भाव माशाप्रमाणे बदलतो, बसण्याआधी विचारणं यात काही वावगं नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, जवळा किंवा सरळ फणसाची भाजी.

सोलकढी शेवटी प्या. आधी प्यायली की भूक मरते, एवढं साधं आहे.

एकट्याला खोली देत नाहीत, हे खरं का?

काही भक्तनिवासांत आणि काही लॉजमध्ये, हो. भांडून उपयोग नाही. दुपारी तीनपर्यंत फोन करून "मी एकटाच आहे, बाइकवर आहे, एक रात्र, आधार कार्ड आहे" एवढं एका दमात सांगा. गाडीचा उल्लेख केला की बऱ्याचदा शंका मिटते. घरगुती निवासात एकट्याला सहसा अडचण येत नाही. तिथे खोलीपेक्षा माणशी भाव असतो, त्यामुळे एकट्याला परवडतंही.

एकटी बाई ही फेरी करू शकते का?

करतात. फरक आखणीत ठेवा: मुक्काम आधी ठरवलेले, शक्यतो कुटुंब राहतं त्या घरी. साडेपाचच्या आत गाडी उभी. निर्जन सड्यावर जाताना पहिल्या घरातल्या काकू-मावशींना सांगून जा. रस्ता तर कळतोच, शिवाय कोणीतरी तुमची वाट बघत असतं. थेट ठिकाण घरच्यांशी शेअर करून ठेवा, पण नेटवर्क नसताना ते थांबतं हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर उगाच धावपळ.

खर्च किती येतो?

बाइकवर ४० चं ॲव्हरेज धरलं तर २५ ते २८ लिटर पेट्रोल. साधी खोली रात्रीला ८०० ते १५०० रुपये, खाणं दिवसाला ४०० ते ६००. म्हणजे आठ दिवसांचे बारा ते वीस हजार. यूपीआय सगळीकडे आहे, नेटवर्क नाही. शंभर-दोनशेच्या नोटांत तीन हजार रोख सोबत ठेवा. टाकी अर्धी झाली की भरा: कोल्हापूर, राजापूर, रत्नागिरी, गुहागर, दापोली.

कोणते नंबर पाठ असावेत?

११२ सर्व आपत्तींसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्गावर. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असलं तरी एक कागदी प्रत ठेवा. फोन खाडीत पडला तर सगळंच गेलं.

परत आल्यावर गाडीचं काय?

दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मडगार्डच्या आतून, स्पोक्स, सायलेन्सरचा जोड आणि साइड स्टँडची स्प्रिंग विशेष, मीठ तिथे बसतं आणि महिन्याभरात तांबेरा दिसतो. प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर थेट मारू नका, ग्रीस निघून जातं. वाळल्यावर चेनला तेल, ब्रेक लायनर तपासणी आणि एअर फिल्टर उघडून बघा. कोकणची तांबडी धूळ त्यात पुरेशी सापडेल.